दुपारी दोन वाजता हललेला दोरा

अभयारण्याच्या माहिती केंद्रात लोक सकाळी येतात, नकाशा घेतात, स्वच्छतागृह कुठे ते विचारतात आणि जंगलाकडे निघून जातात. मी मुद्दाम दुपारी दोनला गेले. एखादी इमारत एसीशिवाय चालते असं कुणी सांगितलं, तर ती सकाळी नऊला बघून काहीच कळत नाही. नऊ वाजता सगळ्याच इमारती बऱ्या असतात. पत्रा तापलेला, बाहेर पान हलत नाही, आत शाळेच्या दोन सहली एकदम उतरलेल्या, अशा वेळी जे अंगाला जाणवतं ते खरं.

माझ्याकडे मोजायची साधनं होती. वाऱ्याचा वेग दाखवणारं छोटं यंत्र, दोन तापमापक, पृष्ठभागाचं तापमान दुरून मोजणारी बंदूक, हवेतला कार्बन डायऑक्साइड सांगणारी डबी. पण सगळ्यात आधी मी काढते ती हातभर काठी, जिच्या टोकाला रेशमाचा एक सुटा दोरा बांधलेला आहे. यंत्र वेगाचा आकडा देतं, हवा कुठून आली आणि कुठे चालली ते दोरा दाखवतो. स्वागतकक्षाच्या टेबलापाशी काठी धरली, तर दोरा आधी आडवा झाला आणि मग हळूहळू वर उचलला गेला, आढ्याच्या दिशेनं. बाहेर झाडं स्तब्ध होती. मी दहा मिनिटं तिथून हलले नाही.

हे इतकं लावून का बघते, तर काही वर्षांपूर्वी अशाच एका केंद्राच्या हवेचं गणित मी केलं होतं. गणित बरोबर होतं. उंचावरच्या झडपा उघडायला लांब दांडी लागत होती. ती दांडी पहिल्याच पावसाळ्यात कुठेतरी गेली, झडपा बंदच राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी भिंतीला भोकं पाडून एसी बसले. त्यानंतर मी गेले तेव्हा दारावर 'दार बंद ठेवा' अशी पाटी होती. वारा आत यावा म्हणून बांधलेल्या इमारतीच्या दारावर. तेव्हापासून नवीन केंद्र उघडलं की जमेल तसं जाऊन बघते.

आता हे केंद्र. तळ्याच्या कडेला, ओलसर जमिनीवर खांबांवर उभी असलेली लांबोळी इमारत. रुंदी फक्त नऊ मीटर. वळचणीपाशी छताची उंची तीन मीटर. म्हणजे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत हवेला उंचीच्या तिप्पटच अंतर कापायचं आहे. समोरासमोर खिडक्या असल्या तर पाचपटीपर्यंत हवा टिकते, त्यापुढे ती तापते, शिळी होते, असा आमच्या कामातला जुना हिशोब आहे. एकाच बाजूला खिडक्या असतील तर दोन-अडीचपटीतच संपते. बहुतेक माहिती केंद्रं चौकोनी खोकी असतात, कारण चौकोनात प्रदर्शन मांडायला सोपं जातं. इथे आराखडा करणाऱ्यांनी तो मोह टाळला, ही माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात चांगली गोष्ट. लांब बाजू वाऱ्याला आडवी ठेवली आहे, आणि दोन्हीकडून अडीच मीटरचा व्हरांडा आहे, त्यामुळे भिंतीला ऊन लागतच नाही.

हवा आत येते ती खालून. जमीन आणि फरशी यांच्यामधल्या सावलीतून, भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी झडपांतून. बाहेर पडते ती आढ्यातून. दोन उतरत्या छतांपैकी एक दुसऱ्याच्या वर सरकवलं आहे आणि मधल्या फटीत लांबच्या लांब झरोका आहे. मी मोजलं तेव्हा इमारतीखालच्या सावलीत 30 अंश होतं, टेबलापाशी 31 आणि आढ्याखाली 34. या शेवटच्या आकड्यावर सगळं चालतं. गरम हवा वर जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार झाली तर हेच धुराडं उलटं चालतं आणि वरची गरम हवा डोक्यावर ओतली जाते, हे फार जण विसरतात. इथे आढ्यातल्या पेटीला बाहेरून काळा रंग दिला आहे. ती उन्हात तापते, आतली हवा तिथे, माणसांच्या डोक्याच्या खूप वर, आणखी गरम होते आणि बाहेर ओढली जाते. तापवायचं तर जिथे कुणी उभं राहत नाही तिथे तापवा. फार सुंदर विचार आहे हा.

याउलट माणसांच्या वरचं छत अजिबात तापू दिलेलं नाही. वर पत्रा, मग मोकळी फट, मग उष्णतारोधक थर आणि खालून लाकडी फळ्या. बंदूक रोखली तर पत्रा 57 अंश, फळ्या 33. ज्यांनी एकेरी पत्र्याखाली दुपार काढली आहे त्यांना या फरकाची किंमत सांगावी लागणार नाही. हवा कितीही खेळती असली तरी तापलेलं छत डोक्यावर शेकत असेल तर माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो.

उंचीबद्दल एक गैरसमज इथल्या माहितीपत्रकातही आहे. 'उंच छतामुळे हवा खेळती राहते' असं त्यात लिहिलं आहे. उंचीचा उपयोग होतो, पण वर्गमुळाच्या हिशोबानं. खालच्या झडपा आणि वरचा झरोका यांतलं अंतर दुप्पट केलं तर हवा दुप्पट होत नाही, जेमतेम 1.4 पट होते. दोन्हीकडच्या झडपांचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर मात्र हवा सरळ दुप्पट. मोठाल्या मनोऱ्यांवर खर्च करण्याआधी झरोका पुरेसा मोठा आहे का हे बघावं. इथे तो आहे. वरचा झरोका खालच्या झडपांपेक्षा थोडा मोठाच आहे, त्यामुळे आत येणारी हवा झडपांपाशी वेग धरते आणि बसलेल्या माणसाच्या अंगाला लागते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सहा मीटर उंची आणि तीन अंशांचा फरक धरला तर गरम हवेचा जोर पाऊण पास्कलच्याही आत येतो. सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक, जी गालाला जेमतेम कळते, जवळपास तेवढाच दाब देते. तीन मीटरचा वारा सुटला तर त्याच्या नऊपट. म्हणजे वरचा झरोका वाऱ्याच्या तोंडाला उघडा असला तर साधी झुळूकही आतली गरम हवा परत खाली ढकलू शकते. इथे झरोक्यासमोर थोडं अंतर सोडून त्याहून उंच अशी आडवी पट्टी उभी केली आहे. वारा कुठूनही आला तरी पट्टीवरून उडी मारून जातो आणि झरोक्यापाशी ओढ तयार होते. तिरका पाऊसही तिलाच अडतो. संध्याकाळी वाऱ्यानं दिशा बदलली तेव्हा मी पुन्हा दोरा धरून बघितला, तो वरच जात होता.

31 अंशांत बसवेल का, असं विचारणारे विचारतील. एसीच्या खोलीच्या हिशोबानं नाही. पण खिडक्या उघड्या असलेल्या इमारतींतल्या माणसांना किती तापमान चालतं यावर रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे 21,000 नोंदी तपासून काम केलं, आणि 2004 पासून ते 'ॲशरे 55' या, इमारतीत माणसाला किती तापमान सोसवतं ते ठरवणाऱ्या अमेरिकी मानकात आलं. बाहेरचं सरासरी तापमान 28 असेल तर त्या सूत्रानं आत 30 पर्यंत दहांतल्या आठ जणांना चालतं. त्यावर हवा सेकंदाला 0.6 मीटरनं हलत असेल तर 1.2 अंश, 0.9 मीटरनं हलत असेल तर 1.8 अंश आणखी. टेबलापाशी माझ्या यंत्रानं 0.7 दाखवलं. म्हणजे 31 अंश बसतात, आणि मी स्वतः दीड तास तिथे वही घेऊन बसले, कपाळ पुसावं लागलं नाही.

मग मी प्रदर्शनाच्या दालनात गेले, आणि दोरा खाली लटकला.

दालन त्याच छताखाली आहे, झडपा त्याच, झरोका तोच. पण सात फूट उंचीचे, जमिनीला टेकलेले चार फलक हवेच्या वाटेत आडवे उभे केले आहेत. फलकांच्या अलीकडे 0.6. पलीकडे यंत्राला वाचताच येईना. तिथे पक्ष्यांच्या स्थलांतराचा फार छान नकाशा आहे, बटण दाबलं की वाटा उजळतात. दालनातल्या तरुण मदतनीस ताई म्हणाल्या, "मॅडम, इथं मुलं थांबतच नाहीत. नकाशा बदलायचा विचार चाललाय." मी त्यांच्या हातात काठी दिली. त्या फलकाच्या या बाजूला गेल्या, त्या बाजूला गेल्या, परत या बाजूला आल्या. नकाशात काही वाईट नाही. तिथे हवा नाही.

माझं या केंद्राबद्दल मुख्य म्हणणं हेच आहे. ज्यांनी इमारत केली त्यांनी वाऱ्याची वाट आखली, आणि ज्यांनी प्रदर्शन केलं त्यांना ती वाट कुणी दाखवलीच नाही. दोघांची कंत्राटं वेगळी, वर्षं वेगळी. असं जवळजवळ सगळीकडे होतं. इमारतीच्या नकाशात हवेचे निळे बाण काढलेले असतात, प्रदर्शनाच्या नकाशात माणसांच्या फिरण्याचे लाल बाण, आणि दोन्ही कागद एकमेकांवर कुणी ठेवत नाही. फलक जमिनीपासून फूटभर उचलले, वाऱ्याला समांतर ठेवले, किंवा वरून टांगले असते तर हेच दालन सगळ्यात थंड झालं असतं, कारण तळं त्याच बाजूला आहे.

चित्रफितीचं दालन याहून दुःखाचं. अंधार हवा म्हणून इमारतीच्या मधोमध बिनखिडकीची खोली केली आणि तिला एसी लावला. पन्नास मुलं, वीस मिनिटांची फीत. खेळ सुरू होताना माझ्या डबीवर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत 700 होतं, संपताना 1,800. बाहेरच्या हवेत ते 420 च्या आसपास असतं. साध्या भिंतीवरच्या एसीनं हवा गार होते, बदलत नाही, तीच परत परत फिरते. मागच्या रांगेतली मुलं जांभया देत होती आणि शिक्षिका त्यांना दटावत होत्या. मुलांचा काय दोष! अंधार ठेवूनही हवा आत घेता येते. झडपेमागे काळ्या रंगाच्या पट्ट्यांची नागमोडी वाट केली की उजेड वळणावर अडतो आणि हवा वळून आत येते. ही खोली मधे न ठेवता टोकाला ठेवली असती तर तेवढ्यानं काम झालं असतं.

खरं तर मला वाटतं की अशा ठिकाणी आत मांडायच्या गोष्टी मुळात कमीच असाव्यात. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाचं 2000 साली उघडलेलं केंद्र या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. तिथे प्रदर्शनाचा बराच भाग बाहेर झाडांच्या सावलीत नेला आणि त्यामुळे मूळ इमारतच लहान झाली. ती गार होते मनोऱ्यांवर: वर ओल्या गाद्या, त्यातून जाणारी हवा थंड आणि जड होऊन पंख्याशिवाय खाली उतरते. हिवाळ्यासाठी काचेमागची तापणारी भिंत. इथल्या एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आपण पण तसा पाण्याचा मनोरा करू या का?" मी त्यांना हात जोडून नको म्हणाले. झायन वाळवंटी भागात आहे, तिथली कोरडी हवा पाणी पिऊन थंड होते. तळ्याकाठच्या दमट हवेत पाणी आणखी घातलं तर गारवा नावाला येईल आणि घाम वाळायचा बंद होईल. इथे हलती हवा हाच गारवा. त्यांनी तो पैसा छताला टांगायच्या मोठ्या पात्यांच्या संथ पंख्यांवर खर्च करावा, म्हणजे वारा पूर्ण पडलेल्या दिवसांचीही सोय होईल. असे पंखे आवाजही फार करत नाहीत, आणि इथे व्हरांड्यात बसून पाणकोंबड्यांचा आवाज ऐकू येतो तो जपायला हवा.

एक फलक मात्र बदलाच. वारुळाच्या चित्राखाली लिहिलं आहे की वाळवी धुराड्यासारखी गरम हवा वर सोडून घर थंड ठेवते आणि ही इमारत तशीच चालते. हरारेमधल्या ईस्टगेट इमारतीमुळे (1996, वास्तुकार मिक पिअर्स) ही कल्पना जगभर गेली. इमारत उत्तम आहे, पण तीही पंख्यांच्या मदतीनं चालते. आणि वारुळाचं काम इतकं सरळ नसतं. स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोअर यांनी 2008 मध्ये मांडलं की वारूळ हे फुप्फुसासारखं, वाऱ्याच्या चढउताराबरोबर वायूंची देवाणघेवाण करतं. 2015 मध्ये हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी भारतातल्या वारुळांत मोजमाप करून दाखवलं की दिवसा हवा कडेच्या पन्हळींतून वर जाते आणि रात्री उलटी फिरते. दिवस-रात्रीच्या तापमानाच्या फरकावर श्वास घेणारं वारूळ! मुलांना हे सांगा. हे कितीतरी जास्त रोमांचक आहे आणि खरं आहे.

जाळीबद्दल थोडं. आढ्याच्या झरोक्याला वटवाघळं आत शिरू नयेत इतपत मोठ्या भोकांची जाळी आहे, ती हवा फारशी अडवत नाही. खालच्या झडपांना डासांची बारीक जाळी आहे. तळ्याच्या बाजूची जाळी चौकटीसकट हातानं निघते, ती महिन्यातून एकदा धुतात असं सांगितलं आणि दिसतही होतं. रस्त्याच्या बाजूची स्क्रूनं बसवली आहे, आणि तिच्यावर धुळीचा असा थर होता की बोट फिरवल्यावर रेघ उमटली. तिथून येणारी हवा समोरच्या बाजूच्या निम्मीही नव्हती. बारीक जाळी स्वच्छ असतानाही बरीच हवा खाते, धूळ बसली की झडप असून नसल्यासारखी. पुढे कधी काम काढलं तर जाळी झडपेला न लावता व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला लावा. तिथे तिचं क्षेत्रफळ कितीतरी पट मोठं होईल, हवा तिच्यातून सावकाश जाईल आणि अडथळा खूपच कमी होईल. शिवाय व्हरांड्यात संध्याकाळी बसता येईल.

काचा कमी आहेत, आणि आहेत त्यांवर पक्ष्यांसाठी ठिपके आहेत, पाच सेंटीमीटरच्या आत एकेक. बरोबर. स्वच्छतागृह वाऱ्याच्या उतरत्या बाजूला, वेगळ्या छताखाली. तेही बरोबर.

आता दोरीबद्दल सांगते, कारण ती पाहून मला भरून आलं. वरच्या झडपा उघडायला स्वागतकक्षाच्या टेबलाशेजारीच कप्पी आणि दोरी आहे. दोरीवर तीन गाठी, तीन रंगांच्या. हिरवी म्हणजे पूर्ण उघडं, पिवळी म्हणजे पाऊस तिरका आहे, लाल म्हणजे वादळ. भिंतीवर दोन ओळींत लिहिलंय की कधी कुठली. टेबलापाशी बसणारे काका गेली चार वर्षं ते सांभाळतात. मी विचारलं, "रात्री काय करता?" ते म्हणाले, "वरचं उघडंच ठेवतो. खालचं तळ्याकडचं पण. सकाळी आलं की कोंदट वास येत नाही. पहिल्या वर्षी बंद करून जायचो, तेव्हा यायचा." त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. उघडझाप त्यांच्या हाताशी होती, म्हणून ते शिकत गेले. माझ्या त्या जुन्या कामात दांडी भांडारखोलीत ठेवली होती, आणि भांडाराची चावी दुसऱ्याच माणसाकडे.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. चार फलकांपैकी एकाला चाकं होती, हे ताईंनीच दाखवलं. तो आम्ही दोघींनी ढकलून वाऱ्याला समांतर केला. दुपारी दोनला नकाशापाशी दोरा धरला तर तो हलला, फार नाही, यंत्रावर 0.3. थोड्या वेळानं दोन मुली तिथे फरशीवर मांडी घालून बसल्या आणि बटणं दाबत राहिल्या.

तुम्ही जाणार असाल तर दुपारी जा, तळ्याकडच्या व्हरांड्यात बसा, चित्रफितीचं दालन टाळा किंवा पहिल्याच खेळाला जा. उरलेले तीन फलक जमिनीला स्क्रूनं पक्के आहेत. अभिप्रायाच्या वहीत मी दालनाचा नकाशा काढून ठेवला आहे, कुठले स्क्रू काढायचे आणि फलक कसे वळवायचे ते बाणांसकट. काकांनी ते पान टेबलावरच्या काचेखाली ठेवतो असं सांगितलं आहे.